शनिवारचे टेकू

हुलगेवस्ती, मैंदर्गीमार्गे
मंगळवार, ८ एप्रिल २०२५

चि. ईश्वर यास सलाम.

हे पत्र समेटाचे नाही, एवढे प्रथमच स्पष्ट करते. गेल्या अकरा नाताळांना मी तुला अकरा कार्डे पाठवली. एकाचीही पोच आली नाही आणि एकही परत आले नाही. म्हणजे विजयपूरचा तुझा पत्ता बरोबर आहे आणि मौन हा तुझा निर्णय आहे. तो मला मान्य आहे. तरी लिहिते, कारण इथे जे पाहते आहे ते दोन वाक्यांत समजेल असा बांधकामातला दुसरा माणूस माझ्या नात्यात नाही. हे पत्र मी तिसऱ्यांदा उतरवून काढले आहे. खाडाखोड असलेला कागद मी पाठवत नाही, हे तुला ठाऊक आहे.

आपल्या मंडळीची पंधरा दिवसांची सेवा-मोहीम आहे. मैंदर्गीच्या पलीकडे साडेनऊ किलोमीटरवर, जिथे मराठी संपून कानडी सुरू होते तिथे, ही वस्ती. अठरा फूट बाय तीस फुटांचे प्रार्थनामंदिर. खांब आणि तुळयांचे साचे गावच्या गवंड्याने मार्चमध्येच उभे केले आहेत. परवा, गुरुवारी, छताचा स्लॅब ओतला जाईल. सोलापूरहून चौदा स्वयंसेवक आले आहेत. त्यांपैकी एकालाही थापी धरता येत नाही. सकाळी भक्ती, मग घमेल्यांसह छायाचित्रे, मग ऊन लागल्याची तक्रार. सोनाली नावाची एक दंतवैद्यकाची विद्यार्थिनी मात्र मन लावून काम करते. चुकीचे, पण मन लावून. पंचकमिटीने मला अभियंता म्हणून बोलावले आणि मी आले. तंत्रनिकेतनातल्या शिकवण्यातून निवृत्त व्हायला वर्ष राहिले आहे, आणि ज्या इमारतीवर मंडळीचे नाव लागणार ती वाकडी उभी राहू नये, एवढेच कारण. दुसरे शोधू नकोस.

गवंड्याचे नाव बसप्पा. वय पन्नाशीचे, हात चांगला, मोजमापाविषयी आदर शून्य. पायरीजवळची साडेतीन फुटांची वीटभिंत मी ओळंबा सोडून तपासली. बारा मिलिमीटर बाहेर. मी ती उतरवायला सांगितली.

"बाई, दोरीनं बघितलाव की आमी," तो म्हणाला. "प्लास्टरमधी जातंय ते."

"प्लास्टर हे चूक झाकण्याचे साधन नव्हे," मी सर्वांसमोर सांगितले. "तुम्हाला दिसत नाही म्हणून चूक नाहीशी होत नाही."

त्याची बायको मायाक्का घमेली वाहणाऱ्या बायकांची पुढारीण. ती मागून म्हणाली, "आवो बाई, देवाचं घर बांदायलाव का घड्याळ?" सगळ्या बायका हसल्या. मी हसले नाही. भिंत उतरली. बसप्पाने एकेक वीट स्वतःच्या हाताने काढून, झटकून, रचून ठेवली.

तू असतास तर त्याची बाजू घेतली असतीस. तू नेहमी त्यांचीच बाजू घेत होतास.

अक्का


हुलगेवस्ती
शुक्रवार, ११ एप्रिल

चि. ईश्वर यास सलाम.

काल स्लॅब ओतला. सकाळी सहाला मिक्सर सुरू झाला, दुपारी अडीचला थांबला. काँक्रीट मी मुद्दाम घट्ट ठेवले होते. पाणी मापाच्या डब्याने, एक थेंब वर नाही. मिक्सरच्या पहिल्याच घाण्यातून सहा ठोकळे माझ्या हाताने भरले आणि ओल्या गोणपाटाखाली ठेवले. ते सातव्या दिवशी सोलापूरला प्रयोगशाळेत फोडून ताकद पाहीन.

एक प्रसंग नोंदवते. अकराच्या सुमारास वायब्रेटरची नीडल कुरकुरू लागली. बंद पडली असती तर एवढे घट्ट काँक्रीट सळ्यांखाली उतरलेच नसते. दुसरी आणायला कुणाला पाठवले असते तर त्याने चुकीच्या मापाची आणली असती, म्हणून मीच गाडी काढून मैंदर्गीला गेले. एक तास वीस मिनिटे लागली. निघताना काम तिसऱ्या तुळईपाशी होते. परतले तेव्हा चौथी ओलांडली होती. बसप्पा म्हणाला, "आत्ताच बंद पडली बाई, आत्ता. तुमी येळेवर आलासा." नवी नीडल लावून काम पुढे सुरू केले. सोनालीने न मागता पाण्याची बाटली आणून दिली. कुणी गाणे म्हणत नव्हते, कुणी चेष्टा करत नव्हते. माझ्या पाठीमागेही शिस्त टिकली, याचे मला समाधान वाटले.

आता वादाचा विषय. पाळक रत्नदीप यांना वीस तारखेला, ईस्टरच्या सूर्योदयाची उपासना याच छताखाली घ्यायची आहे. आसपासच्या वस्त्यांतून दोनशे माणसे येतील, आणि त्याच दुपारी मोहीम परत निघेल. छताखाली आज दर तीन फुटांवर टेकू आहे. आत माणूस आडवा चालतो. एवढ्या लांबीच्या तुळयांखालचे टेकू नियमाने चौदा दिवस हलवायचे नसतात. म्हणजे चोवीस तारीख.

"मॅडम, चार दिवसांचाच प्रश्न आहे," ते म्हणाले.

"काँक्रीट ख्रिस्ती पंचांग वाचत नाही."

त्यांना ते आवडले नाही. मलाही बोलून झाल्यावर आवडले नाही. पण मी मागे घेतले नाही.

अक्का


हुलगेवस्ती
मंगळवार, १५ एप्रिल

चि. ईश्वर यास सलाम.

काल बाबासाहेबांची जयंती, काम बंद. निम्मे स्वयंसेवक मिरवणुकीसाठी मैंदर्गीला गेले. मी स्लॅबवर होते. मातीच्या आळ्यांत दोन बोटे पाणी उभे राहिलेच पाहिजे, असे मी पहिल्या दिवशी सांगितले होते. वस्तीला नळ चार दिवसांआड येतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. काल कळले की मायाक्का आणि तिच्या बायका शेळ्यांचे पाणी वर आणून ओततात. मी विचारले तर ती म्हणाली, "शेरडं वरडत्यात. तुमी वरडण्यापरीस बरं." 

मी ओरडत नाही. तू साक्षीदार आहेस. मी आयुष्यात कधी आवाज चढवलेला नाही.

पाळकांनी आता दुसरी वाट धरली आहे. ही जागा ज्यांनी दिली त्या केराबाई चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत. इथे त्यांच्या शेळ्यांचे कुंपण होते. त्यांच्या दोन्ही पायांना सूज आहे आणि श्वास उथळ आहे. पाळक मला त्यांच्या खाटेपाशी घेऊन गेले. म्हातारीने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळले.

"तू व्हय ती भित पाडणारी?"

"होय."

"बरं केलंस. बसप्पाला कुनी तरी पायजेच हुतं." मग माझे मनगट धरले. बोटांत अजून जोर आहे. "पर माझं आईक. ऐतवारी मला आत बसीव. फुडल्या ऐतवारचं माझं कायबी खरं न्हाय. टेकू फोड न्हाय तर टकुरी फोड, मला आत बसीव."

बाहेर पाळक म्हणाले, "मी काही सांगत नाही मॅडम. तुमच्या विवेकाला सांगतो." असे म्हणणारा माणूस सर्वाधिक सांगत असतो.

नियमात एक पळवाट नव्हे, तरतूद आहे. ठोकळ्यांची ताकद पुरेशी भरली, तर गणित मांडून टेकू आधी काढता येतात. परवा, सतरा तारखेला, ठोकळे फोडते. आकडा बोलेल तसे करीन.

मला ऐकू येते आहे तू काय म्हणतोस. अकरा वर्षांपूर्वी तू बांधत होतास त्या शाळेला सव्वीस जानेवारीच्या झेंडावंदनासाठी पोर्च मोकळा हवा होता, आणि मंडळीला ईस्टरसाठी मंदिर हवे आहे. अक्का, दोन्हीत फरक काय? फरक हा की तिथे तू काही लपवले होतेस. इथे लपवण्यासारखे काही नाही, कारण इथे प्रत्येक घाण्यावर मी उभी होते.

अक्का


सोलापूर, नंतर हुलगेवस्ती
गुरुवार, १७ एप्रिल

चि. ईश्वर यास सलाम.

आकडा बोलला. सातव्या दिवशी दर चौरस मिलिमीटरला तेरा-चौदा न्यूटन अपेक्षित. सरासरी पंधरा पूर्णांक नऊ. तीन ठोकळे फोडले, तिन्ही एकसारखे. प्रयोगशाळेतला तरुण म्हणाला, "मॅडम, असे ठोकळे वर्षातून दोनदा बघायला मिळतात." मी तिथेच बसून भारगणित पूर्ण केले आणि दाखला लिहिला: टेकू शनिवार, १९ एप्रिल रोजी, माझ्या देखरेखीखाली, मध्यापासून कडेकडे या क्रमाने काढण्यास हरकत नाही. सही, दिनांक. पाळकांना दूरध्वनीवर वाचून दाखवला. ते इतके आनंदले की त्यांनी तिथल्या तिथे प्रार्थना केली, आणि मला रस्त्याच्या कडेला उभे राहून 'आमेन' म्हणावे लागले.

तो रस्ता सोलापुरातल्या सात रस्ता चौकाचा होता. एरवी मी त्या कोपऱ्यावरून जात नाही. आज गेले. तुझ्या पोर्चखाली सापडलेली नागूबाई तिथे कणसे भाजते. लाकडी पाय स्टुलाखाली दुमडलेला असतो, लक्षात येत नाही.

तिने मला लगेच ओळखले. "मास्तरीनबाई! ईश्वरदादाच्या अक्का न्हवं तुमी?"

मी विचारपूस केली. काय विचारावे ते सुचत नव्हते, म्हणून म्हणाले की ईश्वरची भेट होत नाही.

"आसं कसं?" ती निखाऱ्यांना वारा घालत म्हणाली. "दादा येत्यात की. वर्साला एकदा, जानेवारीत. हितं बाकड्यावर बसत्यात घंटाभर. कणीस बी खात न्हाईत. तुमीच कदी आला न्हाईसा."

ईश्वर, तिथून माझे घर सतरा मिनिटांवर आहे. चालत.

हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही.

संध्याकाळी वस्तीवर परतले तर नवीच अडचण उभी. बसप्पाला मी दाखला वाचून दाखवला आणि शनिवारी सकाळी सातला माणसे घेऊन यायला सांगितले. तो पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिला. मग म्हणाला, "शनवारी टेकू काढाय न्हाय बाई. आमच्यात चालत न्हाय."

"कोणत्या शास्त्रात?"

"शास्तर नगं. शनवार हाय. वरचं खाली येतंय म्हंत्यात."

"मग शुक्रवारी काढा."

"शुक्रवारी तुमच्या देवाचं मरान हाय की."

"रविवारी पहाटे?"

"बेडा बाई, बेडा," म्हणजे नको, असे कानडीत दोनदा म्हणून तो उठला. "मी न्हाय काढनार. पाप हाय ते."

मी त्याला सांगितले की अंधश्रद्धेवर उभी असलेली गवंडीगिरी मी चाळीस वर्षे पाहते आहे, आणि तिच्यामुळे पडलेल्या इमारतीही. मायाक्का दारात उभी होती. तिने या वेळी टोमणा मारला नाही. ते मला जरा विचित्र वाटले. पाळक म्हणाले, काळजी नको, आमची मुले काढतील.

शनिवारी सकाळी सात.

अक्का


हुलगेवस्ती
शनिवार, १९ एप्रिल, सकाळचे साडेअकरा

ईश्वर,

काल उत्तम शुक्रवार. बारा ते तीन, वडाखाली सतरंज्या अंथरून, क्रुसावरचे सात उद्गार. पाळक चौथ्या उद्गारावर बोलत होते आणि माझे लक्ष नव्हते. समोर मंदिराची भिंत होती, भिंतीत खिडक्या, खिडक्यांवर छज्जे. मी ते छज्जे पाहत होते आणि मला आठवले.

मागच्या शनिवारी हनुमान जयंती होती. दुपारी मारुतीचा प्रसाद वाटून झाल्यावर बसप्पाने मार्चमध्येच ओतलेल्या याच छज्ज्यांखालचे टेकू काढले होते. स्वतःच्या हाताने, विडी ओढत. मी वहीत नोंद केली होती: शनिवार, १२ एप्रिल, छज्जे मोकळे.

म्हणजे शनिवार चालतो. म्हणजे तो खोटे बोलला. आणि जो माणूस इतक्या दिवसांत माझ्यासमोर मान वर करून उभा राहिला नव्हता, तो एक खोटे एवढ्या हट्टाने धरून बसला होता. मी त्याला अडाणी ठरवून मोकळी झाले होते. त्याने मला ऐकता येईल असे कारण दिलेच नव्हते. न दुखावता थांबवता येईल असे दिले होते.

ईश्वर, आता जे लिहिते ते मी अकरा वर्षांत कुणाला सांगितलेले नाही. पोर्चचे टेकू निघण्याच्या आदल्या संध्याकाळी तू माझ्या घरी आला होतास. तू खुर्चीत बसलास. मी उत्तरपत्रिका तपासत होते. मी म्हणाले, "काय काम काढलंस?" तू म्हणालास, "काही नाही, सहज." मग मी तुझ्या नकाशातल्या सळ्यांच्या यादीत दोन चुका दाखवल्या. तू चहा संपवलास, कप मोरीत नेऊन स्वतः धुतलास, कधी धूत नव्हतास, आणि गेलास. दुसऱ्या दिवशी सकाळी पोर्च नागूबाईच्या पायावर आला. पोर्चच्या मध्यात एका रात्रीचा थंड जोड होता, जुने आणि नवे काँक्रीट एकजीव न झालेला. मिक्सर बिघडून काम थांबले होते आणि तो जोड तू कुणालाच सांगितला नव्हतास. चौकशी समितीपुढच्या अहवालात मी लिहिले: 'ठेकेदाराने दोष हेतुपुरस्सर लपवला.' त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. तू सांगायला आला होतास, हे मात्र त्यात नव्हते. मला ते तेव्हाही कळले होते. धुतलेला कप पाहताच कळले होते.

बसप्पाच्या पायाच्या अंगठ्यात मला तो कप दिसला.

मी चौथ्या उद्गारावरच उठायला हवे होते, सातव्यानंतर उठले. त्याच्या घरी गेले. त्याने पोते अंथरले. मायाक्काने चहा ठेवला. मी काहीच विचारले नाही. मला हे किती कठीण गेले ते तुला सांगून कळणार नाही. माझ्या जिभेवर चौदा प्रश्न क्रमवार उभे होते. मी चहा प्यायले. बसप्पा चहा प्याला. बाहेर एक शेळी ओरडत होती.

मग मायाक्का नवऱ्याला म्हणाली, "सांग की. का उद्या टकुरी मोजत बसनार हाईस?"

त्याने रिकामा कप तिच्याकडे सरकवला. तेव्हा तीच बोलली.

"बाई, तुमी मैंदर्गीला गेलासा आन फटफटीचा धूर दिसंनासा व्हायच्या आत ती सुई बंद पडली."

"माझी गाडी आहे," मी म्हणाले. सवय.

"गाडी तर गाडी. सुई बंद. तुमचं ते काँक्रीट म्हंजी भाकरीचं कोरडं पीठ, हलंना का चिकटंना. ऊन आसं. थांबलं तर वाळतंय, वतलं तर बसंना. ह्यो म्हनला, थांबू, बाई येऊ द्या. पोरं म्हनली, बाई आल्या तर सगळं फोडाय लावतील. भित न्हाय का फोडली? तवा त्या सोनालीनं पाईप धरला मिक्सरात. पातळ केलं. आठ घानी. सळईनं खोचत खोचत भरलं. तुमी यायच्या आत वरनं गुळगुळीत केलं, आन सगळ्यांनी येशूची आन घेतली बाईला सांगायचं न्हाय म्हून."

"कुठे?"

"तिसऱ्या आन चवथ्या तुळईच्या मधी," बसप्पा पहिल्यांदाच म्हणाला. "बरूबर मधी. जितं म्हातारीची खुर्ची ठेवनार हाईत."

ईश्वर, माझे ठोकळे पहिल्या घाण्याचे होते. ते खरे बोलले होते. मी चुकीच्या साक्षीदाराला विचारले होते.

मी बसप्पाला म्हणाले, "तुम्ही मला का सांगितले नाही?" आणि वाक्य पुरे होण्याआधीच मला उत्तर ठाऊक होते. त्याने तरी दिले. "सांगाय आलतो की बाई. दोनदा. येकदा तुमी लिवत हुतासा. येकदा तुमी म्हनलासा, 'आधी ओळंबा शीक, मग बोल.'"

मी असे म्हणाले होते. वहीत नोंद नाही, पण म्हणाले होते.

ती भिंतही सांगते. ती भार घेणारी नव्हती. बारा मिलिमीटर प्लास्टरमध्ये खरोखरच गेले असते. मला ते तेव्हा माहीत होते. चौदा अननुभवी मुलांना पहिल्याच दिवशी धडा मिळावा म्हणून मी ती पाडली, आणि धडा मिळाला.

आज पहाटे सहाला बसप्पाने टेकू न हलवता त्या भागातली साच्याची एकच लोखंडी प्लेट कडेने सोडवली. आत चिक्कीसारखी खडी. बोट आत गेले, दुसऱ्या पेरापर्यंत. सळई उघडी. मी हातातल्या किल्लीने खरवडले तर भुकटी पडली. त्याने प्लेट पुन्हा दाबून बसवली, खाली आणखी दोन टेकू ठोकले, आणि मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "शनवार हाय बाई. म्हनलो हुतो."

मी हसले. ते हसू नव्हते बहुधा, पण त्याने तसे मानले.

सातला पाळक मुलांसह हातोडे घेऊन आले. मी दाखला मागितला आणि त्यांच्यासमोर फाडला.

"मॅडम, उद्या दोनशे माणसे येणार आहेत!" त्यांचा आवाज चढला. "परवा तुम्ही म्हणालात गणित बरोबर आहे. आज म्हणता नाही. मी लोकांना काय सांगू? केराबाईंना काय सांगू?"

"गणित बरोबर आहे. छत बरोबर नाही."

"कोणी चूक केली?"

सोनाली मागे उभी होती. तिचा चेहरा चुन्यासारखा झाला. मला नाव ठाऊक होते, वेळ ठाऊक होती, घाण्यांची संख्या ठाऊक होती. अकरा वर्षांपूर्वी मी एवढ्यावर अहवाल लिहिला होता.

"हे काम माझ्या हाताखाली झाले," मी म्हणाले. "माझ्या हाताखालच्या माणसांना मला चूक सांगण्याची भीती वाटली. ती चूक त्यांच्या आधीची आहे."

पाळकांना ते पटले नाही. ते म्हणाले, मधला भाग सोडून बाकीचे टेकू काढू, खुर्च्या कडेला ठेवू. एक मुलगा टेकूला हात लावायला पुढे झाला सुद्धा. बसप्पा दारात आडवा उभा राहिला. मी त्याच्या शेजारी उभी राहिले. दार तीन फुटांचे आहे, ईश्वर. आम्ही दोघे असल्यावर कुणाला जाता येत नव्हते. पाऊण तास तसे उभे होतो. पाळक आम्हाला शास्त्रवचने सांगत होते आणि बसप्पा अधूनमधून मला विचारत होता, "काय म्हंत्यात?"

शेवटी सोनालीच पुढे आली आणि म्हणाली, "पास्टर, पाइप मी धरला होता." ती रडली नाही. सगळे सांगितले. मग हातोडे खाली ठेवले गेले.

पुढचे अजून ठरलेले नाही. पाळक झाडाखाली एकटेच बसले आहेत. हे पत्र दुपारच्या टपालात टाकते.

अक्का


हुलगेवस्ती
सोमवार, २१ एप्रिल

ईश्वर,

काल सूर्योदयाची उपासना मंदिराबाहेर झाली, मोकळ्या रानात. पाळक रत्नदीप माझ्याशी बोलले नाहीत, पण प्रवचनात त्यांनी एवढे म्हटले की कबरही त्या पहाटे रिकामीच होती, कुणी आत नव्हते, आणि तरी ईस्टर झाला. मला ते प्रवचन आवडले. मी त्यांना तसे सांगितलेही. एकही दुरुस्ती सुचवली नाही.

केराबाईंना खाटेसह आणले होते. 'प्रभू उठला आहे' म्हणून झाल्यावर त्यांनी मला हाक मारली.

"मी आत बसले न्हाय."

"नाही."

"तुझ्यामुळं."

"होय."

"किती दीस?"

"मधला भाग फोडून नवा घालावा लागेल. मग अठ्ठावीस दिवस. जूनचा मध्य."

म्हातारीने डोळे मिटून हिशेब केला. "बगू," म्हणाली. "तवर मरत न्हाय. पर भित परत बांद ती. बसप्पाला बांदू दे. आन तू बगू नगंस." त्या जूनपर्यंत राहतील की नाही, हे मला सांगता येत नाही. मी ज्या दरवाजात उभी राहिले त्याची ही बाजूही आहे, आणि ती मला दिसते.

मोहीम काल दुपारी निघून गेली. मी राहिले. सोनालीही राहिली, तिने परीक्षेपर्यंतचे आठ दिवस मागून घेतले आहेत. ती आणि मायाक्का मिळून वर पाणी नेतात. मायाक्का तिला 'पाईपवाली' म्हणते आणि ती ओ देते. 

आज सकाळी मी आणखी एक कागद लिहिला. त्या जुन्या चौकशी समितीच्या कार्यालयाला, माझ्या अहवालाचे परिशिष्ट म्हणून. त्यात आहे: ठेकेदार दुर्घटनेच्या आदल्या दिवशी सायंकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी अहवालकर्तीच्या निवासस्थानी आला होता, काही सांगण्याचा त्याचा हेतू अहवालकर्तीच्या ध्यानात आला होता, तिने त्याला बोलण्यास अवसर दिला नाही, आणि ही बाब तिने जाणीवपूर्वक वगळली. 'हेतुपुरस्सर' हा शब्द मी तुझ्यासाठी वापरला होता, 'जाणीवपूर्वक' माझ्यासाठी. अकरा वर्षांनी त्याचा कायदेशीर उपयोग काय, मला ठाऊक नाही. नागूबाईचा पाय त्याने येणार नाही आणि तुझा परवाना बहुधा नाही. प्रत सोबत जोडली आहे. प्रसिद्धी द्यायची असल्यास तुला मुभा आहे.

तू त्या दिवशी टेकू काढायला नको होते, हे मी अजूनही म्हणते. ते खरे आहे. पण नुसते तेवढेच खरे नाही.

बारा मे रोजी तो भाग फोडायचा आहे. टेकूंवर भार ठेवून, तुळयांना धक्का न लावता, हाताने. बसप्पाने असे काम पूर्वी केलेले नाही. मी कागदावर केले आहे. ज्याने थंड जोड जवळून पाहिला आहे, असा थापी धरणारा माणूस आम्हाला लागेल. विजयपूरहून मैंदर्गीला सकाळी सातची गाडी आहे. पुढे साडेनऊ किलोमीटर बसप्पाची फटफटी येईल. (ती खरोखरच फटफटी आहे.)

या पत्रात तीन ठिकाणी खाडाखोड झाली आहे. पुन्हा उतरवून काढत बसले नाही.

आलास तर खोलीत एक खुर्ची आहे, ती तुझी. मी चहा ठेवीन आणि काय काम काढलंस, असे विचारणार नाही. तू एक तास बसलास आणि काही न बोलता निघालास, तरी चालेल. कप तिथेच ठेव, मी धुईन.

अक्का